चिरोटीची बैठी प्रदक्षिणा

शहाजीराजांच्या लष्कराबरोबर आमचं घराणं बेंगळूरला आलं. तेव्हापासून आजवर, मधल्या सगळ्या लढाया, साथी, दुष्काळ आणि मेट्रोचं खोदकाम धरूनसुद्धा, घराण्याची अब्रू जमिनीपासून चांगली हातभर वर राहिली होती. ती जमिनीला टेकवली एका कुत्रीने. नुसती टेकवली नाही, टेकवून फरफटत नेली. सबंध कंपाउंडभर. सगळ्या बिऱ्हाडांच्या देखत.

कुत्रीचं नाव चिरोटी, आपल्या चिरोट्याची कानडी बहीण. आमची मुलगी भार्गवी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत आहे. ती तिथे काय करते ते तिने मला पुष्कळदा समजावलं आहे आणि मीही पुष्कळदा समजल्यासारखं केलं आहे. कंपनीने तिला काही महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं, तेव्हा एका हातात चिरोटी आणि दुसऱ्या हातात चिरोटीची गादी घेऊन ती जयनगरला आमच्या दारात उभी राहिली. कुत्री शिह त्झू जातीची. अंगावर इतके केस, की तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळायला हाक मारून बघावं लागे. शेपूट हलली तर आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत असं समजायचं. मी बहुतेक वेळा चुकीच्याच बाजूला असायचो. पुढची सगळी भानगडही त्याच बाजूची आहे.

आमच्या घरात मडी असते. मडी म्हणजे सोवळंच, पण कर्नाटकात तीन-चार शतकं मुरलेलं, त्यामुळे जास्त कडक. वसुमती, म्हणजे आमची मंडळी, पहाटे उंच काठीवरची वाळलेली साडी काठीनेच काढून नेसते आणि त्यानंतर पूजा होईपर्यंत तिच्या वाटेत नवरासुद्धा येऊ शकत नाही, तिथे कुत्रीचं काय? तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "देवघराचा उंबरा नाही, स्वैपाकघराचा उंबरा नाही, आणि माझ्या साडीची सावलीसुद्धा नाही. एकदा जरी चूक झाली, तर बोम्मसंद्र्याच्या बाजूला कुत्र्यांचं होस्टेल आहे म्हणे. तिकडे."

चिरोटीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाच तिचा मोठा गुण होता. मला गोष्टी सांगायची सवय आहे. लोक त्याला थापा म्हणतात, पण लोकांचं काय, त्यांना कल्पनाशक्तीची ॲलर्जी असते. मी म्हैसूरच्या जंगलात हत्तीला रस्त्याचे नियम कसे समजावले ही गोष्ट सुरू केली, की वसुमतीला कुकरची शिट्टी ऐकू येते, भार्गवीला मीटिंग आठवते आणि वरच्या गंगव्वाला खाली वाळत घातलेले पापड. चिरोटी मात्र शेवटपर्यंत बसायची. मान तिरकी करून. हत्तीने सलाम ठोकला त्या जागी तर ती हमखास एक सुस्कारा सोडायची. या वयात असा श्रोता मिळणं म्हणजे काय, ते ज्याला पेन्शन आणि जुन्या गोष्टी या दोनच गोष्टी उरल्या आहेत त्यालाच कळेल. भार्गवी जाताना म्हणाली होती, "अप्पा, नीट जमलं तर हिला तुमच्याकडेच ठेवू या. मी दिवसभर घरी नसते, ती एकटी पडते." मी वरवर "बघू" म्हणालो. मनात तिची गादी माझ्या खुर्चीशेजारी कायमची अंथरूनही झाली होती.

अडचण एकच होती. आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्री पाळायची नाहीत असा ठराव आहे, आणि ठरावाचे जिवंत रूप म्हणजे सेक्रेटरी मंजुनाथ. हा गृहस्थ जिन्यावर पडलेलं कढीपत्त्याचं पान उचलून कोणाच्या घरचं आहे ते सांगू शकतो. त्याच्यापासून चिरोटीला मी पिशवीत घालून लपवत होतो. भाजीच्या पिशवीत वर पालेभाजी आणि खाली कुत्री असा आमचा फिरायला जायचा थाट असे.

पिंग फुटलं ते एकादशीच्या सकाळी. छे, बिंग फुटलं. त्या दिवसाच्या आठवणीने अजूनही लेखणी घसरते. मी उपाशी, त्यामुळे लक्ष पिशवीपेक्षा पोटाकडे. तुळशीकट्ट्याजवळ पिशवी कलंडली आणि चिरोटी बाहेर पडली. पळाली असती तर बरं झालं असतं. ती बसली. मागचे दोन्ही पाय सरळ पुढे काढले, पुढच्या पायांनी जोर लावला आणि बूड जमिनीवर घाशीत, डोळे अर्धवट मिटून, ती तुळशीकट्ट्याभोवती निघाली. गंगव्वाने नुकतीच काढलेली रांगोळी तिच्याबरोबर निघाली.

"रायरे!" मागून मंजुनाथचा आवाज आला. तो कन्नडात बोलतो, मी इथे मराठीत देतो. पण 'रायरे', म्हणजे 'अहो राव', तसंच ठेवतो, कारण त्या 'रे'मध्ये त्याने जो धाक भरला होता तो भाषांतरात मावत नाही. "हे काय आहे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात गंगव्वा कमरेवर हात ठेवून पुढे आली. ही अथणीकडची. मराठी आणि कन्नड ती एकाच वाक्यात, एकाच श्वासात बोलते, आणि तो श्वास फार लांब असतो.

"अय्यो देवरे! अण्णा, ही काय करालीय वो? आज एकादशी की! तुळशीला सुत्त घालालीय! उरुळुसेवा करालीय की वो ही!"

सुत्त म्हणजे प्रदक्षिणा. उरुळुसेवा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इकडे नवस फेडायला ओलेत्याने देवळाभोवती गडगडत लोळत जातात, ती उरुळुसेवा. मोठमोठे ऑफिसर मी त्यात बघितले आहेत.

"पण ही लोळत कुठे आहे? बसून चाललीय," मंजुनाथ म्हणाला. कायद्याचा माणूस.

"लहान जीव आहे, गरगरत असेल. बसून करालीय," गंगव्वाने निकाल दिला.

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने गप्प राहावं का? समोर होस्टेल दिसत असताना? मी आवाज खाली आणला. खाली आणलेल्या आवाजावर लोक जास्त विश्वास ठेवतात. म्हणालो, "मंजुनाथ, मी हे कोणाला सांगणार नव्हतो. ही कुत्री साधी नाही. हिची आई उडुपीच्या रथबीदीत राहायची. रथ निघाला की पुढे, रथ थांबला की बसून. एका एकादशीला तिने देह ठेवला. त्याच क्षणी ही जन्मली."

हिची आई कोरमंगलात एका डेंटिस्टकडे अजून ठणठणीत आहे, हे मी सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायची नसते.

मंजुनाथ ठरावाला भितो, पण देवाला त्याहून थोडा जास्त भितो. बराच वेळ चिरोटीकडे बघून तो म्हणाला, "सरी. सेवा चालू आहे तोपर्यंत राहू दे. सेवा थांबली, की मात्र ठराव."

त्या दिवसापासून आमच्या दारात चपला दिसू लागल्या. कोणी केळी आणी, कोणी दहीभात, कोणी तुपाने निथळणारं पोंगल. वसुमती दाराआडून बघायची, काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मी पस्तीसएक वर्षं ऐकत आलो आहे, ते मोठ्याने बोलण्याहून कठीण असतं. चिरोटी सगळं खायची. भक्त प्रसन्न व्हायचे. ती जितकी खायची तितकी जास्त सेवा करायची, आणि ती जितकी सेवा करायची तितका जास्त प्रसाद यायचा. अर्थशास्त्रात यालाच विकास म्हणतात.

मी हा सगळा प्रकार फोनवर चित्रित करून भार्गवीला पाठवला. मला वाटलं, मुलगी बापाचं कौतुक करेल. तिचा तडक फोन आला.

"अप्पा! हे ॲनल ग्लँड्स आहेत! भरल्यात त्या. छोट्या कुत्र्यांना होतं असं. लगेच व्हेटकडे न्या."

"अगं पण इथे लोक..."

"लोक काय? तिला दुखत असणार अप्पा. तुम्ही भरल्या ग्रंथींची आरती करताय!"

फोन ठेवला आणि मी विचारात पडलो. औषध केलं तर सेवा थांबणार. सेवा थांबली की ठराव. ठराव आला की बोम्मसंद्रा. कुत्री बरी झाली तर गेली, आजारी असली तर राहिली, असा विचित्र हिशेब होता. मी 'उद्या नेतो' असं स्वतःलाच सांगितलं. स्वतःला थाप मारणं सगळ्यांत सोपं, ऐकणारा मध्येच उठून जात नाही.

मधल्या काळात सल्ले येतच होते. तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पासाहेबांनी सांगितलं, उष्णता झालीय, नाचणीची आंबील द्या. गंगव्वाचं म्हणणं, भक्त असली तरी दृष्ट लागते. तिने मिरच्या ओवाळल्या आणि जाळल्या. ठसका सबंध बिल्डिंगला लागला, चिरोटी सोडून. मंजुनाथने तर पुढचं पाऊल टाकलं. येत्या शनिवारी तुळशीकट्ट्यापाशी असोसिएशनतर्फे पूजा ठेवली. पूजेला आमचे कुलपुरोहित भीमाचार्य. यजमान मी. चिरोटी मांडीवर.

शनिवारी मी आजोबांचा रेशमी मुकटा नेसून बसलो. वसुमती मडीत, सगळ्यांपासून अंतर राखून, एका बाजूला. भीमाचार्यांनी कुत्रीकडे एकदा बघितलं, "हरे श्रीनिवास" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. जुना पुरोहित, त्यांनी याहून विचित्र यजमान पाहिले आहेत. मंगळारती झाली. आचार्यांनी शंख उचलला, छाती भरून घेतली आणि चिरोटीच्या कानापासून वीतभर अंतरावर फुंकला.

पुढे काय झालं ते मी शास्त्रीय भाषेत सांगतो, कारण दुसऱ्या भाषेत ते छापता येणार नाही. कुत्रा दचकला, की त्या भरलेल्या ग्रंथी अचानक रिकाम्या होऊ शकतात. पूर्ण नाही, थोड्या. पण ते थोडंही पुरतं. आजोबांचा मुकटा तीन पिढ्या सोवळ्यात टिकला होता, तो एका क्षणात कामी आला. आणि वास! तो वास पसरला नाही, तो चालत आला आणि प्रत्येकाला वैयक्तिकरीत्या भेटला.

भीमाचार्यांनी शंख खाली ठेवला. नाकपुड्या हलवल्या. "हा गंध... कसला म्हणायचा हा?"

कोणालाच सांगता येईना. सगळी पिढ्यान् पिढ्यांची शाकाहारी मंडळी. कोणी म्हणालं गटार, कोणी म्हणालं नासलेला फणस. आणि मी, मूर्ख माणूस, उत्तर येतंय म्हणून वर्गात हात वर करणाऱ्या पोरासारखा म्हणालो, "माशाचा. नासलेल्या माशाचा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मागून वसुमतीचा आवाज आला, अगदी हळू.

"तुम्हांला कसं कळलं?"

मी सांगितलं की नोकरीत कारवारला बदली होती, ऑफिस बंदराला लागून होतं, वारा खिडकीतून यायचा, वाऱ्याला कोण अडवणार. जेवढं जास्त सांगत गेलो तेवढे लोक माझ्यापासून जास्त सरकत गेले. घराण्याच्या सबंध इतिहासात कोणी ज्या गोष्टीला शिवलं नाही, तिचा वास मला नावानिशी ओळखता येतो, हे आता सगळ्या जयनगरला माहीत झालं होतं.

वाचवलं गंगव्वाने. तिने दोन्ही हात जोडले. "मासा म्हणालाय अण्णा! मत्स्य! पैला अवतार की वो!" आणि तिने तिथल्या तिथे, वास सहन करीत, साष्टांग घातला. मागोमाग निम्मी बिल्डिंग आडवी झाली. भीमाचार्य पिशवी आवरीत माझ्या कानाशी म्हणाले, "श्रीरंगराव, मत्स्यावताराला हा वास असल्याचं कुठल्या पुराणात नाही. कुत्रीला डॉक्टरकडे न्या."

त्या संध्याकाळी चिरोटी गादीवर पडून होती. पोंगलला तोंड लावलं नव्हतं. मधूनच मागे वळून स्वतःला चाटायची आणि बारीक कण्हायची. तिचं मन रमवायला मी हत्तीची गोष्ट सुरू केली. सगळा रंग भरला. हत्तीने सोंड उचलली, सलाम ठोकला, आणि मी तिच्या सुस्काऱ्याची वाट बघत थांबलो.

चिरोटी उठली. कष्टाने वळली. आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझ्या सलामाच्या जागी आजवर पुष्कळ लोक उठून गेले आहेत, पण चिरोटी कधी नाही. तिला खरंच सोसवत नव्हतं. ठराव गेला खड्ड्यात असं म्हणत मी दवाखान्याला फोन लावला.

इथे नवीनच अडचण आली. मला चार भाषा येतात: मराठी, कन्नड, हिंदी आणि सरकारी इंग्रजी. चारींतही तो अवयव सभ्यपणे उच्चारता येईना. वसुमती आतल्या खोलीत जप करीत होती. मी म्हणालो, "सिटिंग प्रॉब्लेम आहे. मागच्या अंगाला. स्वल्प आतल्या बाजूला."

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, हा जनावरांचा दवाखाना आहे."

"हो हो. प्रॉब्लेम माझा नाही, चिरोटीचा आहे."

"प्रॉब्लेम चिरोटी खाऊन झालाय का?"

शेवटी मी डोळे मिटून, जोरात, शुद्ध इंग्रजीत ते दोन शब्द उच्चारले. आतला जप थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा वरच्या पट्टीत.

दवाखान्यात गच्च गर्दी होती. लोकांच्या मांडीवर लोकांची कुत्री. पाळी आली की तिथे कुत्र्याच्या नावापुढे मालकाचं नाव लावून पुकारतात, ही पद्धत मला माहीत नव्हती. "चिरोटी श्रीरंगराव! ॲनल ग्लँड्स!" असा पुकारा झाला आणि सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कुत्रीकडे. हा क्रम मला अजून खुपतो.

डॉक्टर सौम्या तरुण, हसतमुख बाई. त्यांनी हातमोजा चढवला, चिरोटीची शेपूट उचलली, आणि मी भिंतीवरच्या मांजरांच्या चित्राचा अभ्यास सुरू केला. मांजरांचं चित्र पाठ व्हायच्या आत काम झालं.

"दोन छोट्या पिशव्या असतात," त्या कापूस टाकून देत म्हणाल्या. "घड्याळात चार आणि आठ वाजतात ना, त्या जागी. शी घट्ट असली की जाताजाता त्या आपोआप दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. पातळ झाली की भरत राहतात. दुखतं, खाजतं, म्हणून ही बूड घासते. आणखी उशीर केला असता तर गळू होऊन फुटलं असतं. हिला खायला काय देता?"

मी सांगितलं. केळी, दहीभात, पोंगल, कोसंबरी, हयग्रीव, पंचामृत.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "सर, हा कुत्र्याचा आहार नाही. हा मठातला प्रसाद आहे."

"प्रसादच आहे," मी म्हणालो. आयुष्यात क्वचितच मी इतकं खरं बोललो असेन.

प्रसाद बंद, वजन कमी, रोजच्या खाण्यात थोडा उकडलेला भोपळा, आणि घरी कोणीही दाबायचा प्रयोग करायचा नाही, पुन्हा घासायला लागली की सरळ घेऊन यायचं, एवढं त्यांनी सांगितलं. परतताना रिक्षात चिरोटी माझ्या मांडीवर नीट बसली. बसली! मी रिक्षावाल्याला हत्तीची गोष्ट सांगितली आणि सलामाच्या जागी तिने सुस्कारा सोडला.

मधले दिवस 'व्रत चालू आहे' असं सांगून मी भक्तांना दारातूनच परतवलं. आणि मग पुढची एकादशी आली.

सकाळी खाली पोचलो तर तुळशीकट्ट्याभोवती जत्रा. अप्पासाहेबांनी तर आपल्या जावयालाही आणलेलं, त्याचं प्रमोशन अडलं होतं. मी चिरोटीला खाली सोडलं. तिने तुळशीकडे बघितलं. गर्दीकडे बघितलं. आणि चार पायांवर, अगदी साध्या कुत्र्यासारखी, चालत जाऊन सावलीत बसली.

गर्दी वाट बघत थांबली. पुन्हा थांबली. कोणीतरी आरती धरली. चिरोटीने जांभई दिली.

"सेवा का थांबली, अण्णा?" गंगव्वाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला त्या भीतीचीच लाज वाटली.

म्हणून मी खरं सांगितलं. सगळं. पिशव्या, चार आणि आठ, पातळ शी, पोंगल, डॉक्टरांचा हातमोजा. हात पसरून, तपशीलवार, एकही गोष्ट न फुगवता.

आधी कोणीतरी खुसकन हसलं. मग सगळेच.

"अण्णा, पुरे की वो तुमच्या थापा! चार वाजता आठ वाजता म्हणे! घड्याळ आहे काय तिथं?" गंगव्वा डोळे पुसत म्हणाली. "देवाच्या सेवेला असलं घाणेरडं जोडू नका, पाप लागतंय."

मंजुनाथ हसला नाही. "रायरे, कारण काही असो. सेवा थांबली. ठराव म्हणजे ठराव. संध्याकाळपर्यंत कुत्री बाहेर."

मी चिरोटीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, मान तिरकी करून, पुढे काय होतं ते ऐकायला. आणि माझ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदा, पुढची गोष्टच नव्हती.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. वसुमती मडीच्या साडीत जिना उतरून येत होती आणि शिवाशिव नको म्हणून लोक आपसूक बाजूला होत होते. ती तुळशीपाशी उभी राहिली. ही बाई आयुष्यात खोटं बोललेली नाही, हे बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीइतकं पक्कं आहे.

"सेवा थांबली नाही," ती म्हणाली. "पुरी झाली. नवस फिटला."

"कसला नवस, अम्मा?" मंजुनाथने हात जोडले.

"मी बोलले होते. या माणसाच्या तोंडून एकदा तरी खरं निघू दे म्हणून. माझ्याच्याने होईना, तर त्या मुक्या जीवाने माझ्यातर्फे सेवा केली. आत्ता ऐकलंत ना? ते पिशव्यांचं, भोपळ्याचं? अक्षर न् अक्षर खरं आहे. डॉक्टरांना विचारा."

गंगव्वा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तुळशीभोवती घसरत निघालो आहे.

"म्हणजे अण्णा... खरं बोलालेत?"

"आता सांगा मंजुनाथ," वसुमती तशाच शांतपणे म्हणाली, "जिच्यामुळे हे झालं तिला होस्टेलात धाडायचं असेल तर धाडा. पण यांचं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं, रोज जिन्यात गाठून हत्तीची गोष्ट, तर ती जबाबदारी असोसिएशनची."

मंजुनाथने चिरोटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांपुढून म्हैसूरचा हत्ती संथपणे चालत गेलेला मला दिसला. हा माणूस तो हत्ती अनेकदा लिफ्टमध्ये ऐकून चुकला आहे.

"कुत्री राहू दे," तो घाईघाईने म्हणाला. "ठरावाला अपवाद. सार्वजनिक हितासाठी."

वर आल्यावर मी वसुमतीला विचारलं, "तू नवस कधी बोललीस?" ती भोपळा चिरत राहिली. चिरोटी स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसली होती, बरोबर उंबऱ्यावर, आत नाही. वसुमतीने एक फोड काठीने तिच्यापुढे सरकवली. संध्याकाळी भार्गवीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राहू दे इथेच. सवय झालीय," आणि फोन माझ्याकडे दिला.

चिरोटी राहिली, पण मला त्याची भलतीच किंमत पडली. आता बिल्डिंगमध्ये मी कुठलीही हकीकत सांगायला लागलो, की ऐकणारे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, चिरोटीच्या बुडाकडे बघतात. ती स्वस्थ बसली तर माना डोलावतात. ती जरा जरी सरकली, की गंगव्वा म्हणते, "अण्णा, हितं काहीतरी चुकलंय बघा तुमचं," आणि उठून पापड उलटायला जाते.

ही सगळी हकीकत लिहिताना ती माझ्या शेजारी जमिनीवरच बसली आहे. मी प्रत्येक परिच्छेद तिला वाचून दाखवला. शेवटपर्यंत जागची हलली नाही. फक्त सुरुवातीला, शहाजीराजांच्या लष्कराचं वाक्य आलं तेव्हा, ती चांगली वीतभर घसरली. उद्या डॉक्टरकडे नेतो आहे.